पंधरा, पाच की तीन? पायथन ३.१४ आणि आपला वर्ग

'मराठी' या शब्दात अक्षरे किती? तिसरीतले मूल बोटांवर मोजून सांगेल, म-रा-ठी, तीन. हाच प्रश्न आज पायथन या संगणकभाषेला विचारला तर उत्तर येते पाच. आणि २००८ सालापूर्वीच्या पायथनला विचारला असता, तर यूटीएफ-८ पद्धतीने साठवलेल्या याच शब्दाची लांबी तिने पंधरा सांगितली असती. तीन उत्तरे, आणि तिन्ही आपापल्या परीने बरोबर! या लेखात आम्हांला जे म्हणायचे आहे त्याचा धागा या तीन आकड्यांतून जातो, म्हणून सुरुवातीलाच ते मांडून ठेवले.

निमित्त आहे ते पायथनच्या ३.१४ या आवृत्तीचे. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी ती प्रसिद्ध झाली. आकडा पायच्या किमतीशी जुळतो म्हणून गणितप्रेमींनी बरीच गंमत केली. तंत्रज्ञानाच्या नियतकालिकांनी नव्या सोयींच्या याद्या छापल्या. त्या याद्या कामाच्या आहेत, पण त्या व्यावसायिक प्रोग्रॅमरसाठी लिहिलेल्या असतात. अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात सीबीएसईने सी प्लस प्लसच्या जागी पायथन आणली, त्याला आता काही वर्षे झाली. म्हणजे ही भाषा आपल्या हजारो मुलांची पहिली संगणकभाषा आहे. तेव्हा तिच्यात काय बदलते आहे, ते कोण ठरवते आणि त्याचा वर्गावर काय परिणाम होतो, याचे परीक्षण शिक्षकांनी स्वतः करायला हवे. आमच्या पाहण्यात तसे फारसे कोणी केलेले नाही.

जे संगणक शिकवत नाहीत त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका. गुइडो व्हान रॉसम या डच प्रोग्रॅमरने १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत, अॅमस्टरडॅमच्या गणित व संगणकशास्त्र संशोधन संस्थेत नोकरीला असताना, हाताला काही काम असावे म्हणून ही भाषा लिहायला घेतली. १९९१ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. नावाचा अजगराशी संबंध नाही. 'मॉन्टी पायथन' या ब्रिटिश विनोदी मंडळींवरून ते आले. भाषा मुक्त आहे, म्हणजे तिचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो, बदलता येतो, वाटता येतो. खगोलशास्त्रात तर तिच्याशिवाय पान हलत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले कृष्णविवराचे पहिले चित्र तयार करताना पायथनमधील साधने वापरली गेली होती. त्रिमितीय आलेख काढणारी 'मायावी' ही प्रणाली तर आपल्या आयआयटी मुंबईचे प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी पायथनमध्येच लिहिली.

आता पंधराकडे वळू. संगणकाला अक्षर ठाऊक नसते, आकडा ठाऊक असतो. जुन्या काळी एका अक्षराला एक बाइट पुरत असे, कारण अक्षर म्हणजे रोमन अक्षर असेच गृहीत होते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेते. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत. पाच त्रिक पंधरा. पायथनची दुसरी पिढी साध्या शब्दाची लांबी मोजताना हे बाइटच मोजत असे. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीने हा घोळ मुळातून निस्तरला. शब्द म्हणजे बाइटांची रांग नव्हे, तर युनिकोड चिन्हांची रांग, असे तिने ठरवले आणि पंधराचे पाच झाले. इतकेच नव्हे, तर चलांची नावेही देवनागरीत देता येऊ लागली. 'वय', 'किंमत', 'विद्यार्थी' अशी नावे ठेवून लिहिलेला प्रोग्रॅम पायथन बिनतक्रार चालवते. वाचकांनी हे करून पाहावे. आठवीच्या मुलांना त्याचा जो आनंद होतो तो पाहण्यासारखा असतो.

या बदलाची किंमत मात्र जबर होती. दुसऱ्या पिढीत लिहिलेला प्रोग्रॅम तिसऱ्या पिढीत जसाच्या तसा चालत नव्हता. छापण्याची आज्ञा बदलली. तीन भागिले दोन याचे उत्तर आधी एक येई, ते दीड येऊ लागले. जुन्या पिढीचा आधार २०१५ मध्ये काढून घ्यायचे ठरले होते, पण लोक हलेनात, म्हणून ती मुदत १ जानेवारी २०२० पर्यंत वाढवावी लागली. अकरा-बारा वर्षे दोन पायथन शेजारी शेजारी नांदत होत्या आणि ग्रंथालयात दोन्हींची पुस्तके एकाच फळीवर होती. या स्थित्यंतरावर पाश्चात्त्य प्रोग्रॅमरांनी भरपूर टीका केली आहे. 'एवढ्या त्रासातून मिळवले काय?' हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. ज्यांची अक्षरे आधीपासूनच एका बाइटात मावत होती त्यांना हा प्रश्न पडणे साहजिक आहे. आम्हांला तो पडत नाही. आमच्या शब्दाची लांबी पंधरावरून पाचावर आली, हे आम्हांला मिळाले.

३.१४ आणि तिच्या आधीच्या चार-पाच आवृत्त्यांतील सर्वांत मोलाची गोष्ट कोणती, असे कोणी विचारले तर आम्ही वेगाचे किंवा नव्या चिन्हांचे नाव घेणार नाही. आम्ही चुकांच्या संदेशांचे नाव घेऊ. ज्यांनी शाळेच्या संगणक कक्षात तास घेतला आहे त्यांना हे लगेच पटेल. चौथ्या ओळीत कंस उघडला आणि बंद करायचा राहिला, तर जुनी पायथन पाचव्या ओळीकडे बोट दाखवून 'अवैध वाक्यरचना' एवढेच म्हणत असे. मूल पाचवी ओळ दहा वेळा वाचणार, तिथे काही चुकलेले नाही हे त्याला दिसणार आणि शेवटी 'सर, हा बिघडलाय' म्हणून हात वर करणार. ३.१० पासून पायथन सांगते की हा कंस बंदच झाला नाही, आणि नेमक्या त्या कंसाखाली खूण करते. ३.११ पासून ओळीतला कोणता भाग चुकला हेही दाखवते. मुलाने आपल्या फाइलला 'रँडम' असे नाव दिले आणि मग यादृच्छिक संख्यांसाठी पायथनचे 'रँडम' हेच अंग मागवले, तर पायथन त्याचीच फाइल उघडून गोंधळात पडे. ही चूक दर वर्षी दर वर्गात एक तरी मूल करतेच. ३.१३ पासून पायथन सांगते की तुमच्या फाइलचे नाव मूळ संग्रहातील नावाशी जुळते आहे, ते बदलून पाहा. ३.१४ मध्ये मूळ शब्दांचे स्पेलिंग चुकले तर 'तुम्हांला हे म्हणायचे होते का?' असे विचारण्यापर्यंत तिची मजल गेली आहे.

या कामात ज्यांचा पुढाकार आहे ते पाब्लो गालिंदो साल्गादो मूळचे कृष्णविवरांचा अभ्यास करणारे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी वर्गात शिकवले आहे की नाही हे महत्त्वाचे नाही. चुकणारा माणूस मूर्ख नसतो, त्याला फक्त योग्य जागी बोट दाखवावे लागते, हे त्यांना कळले आहे. ते कळलेली माणसे शिक्षणक्षेत्रातही मोजकीच सापडतात. हे संदेश अर्थात इंग्रजीत आहेत. पायथनच्या संदर्भग्रंथाची जपानी, कोरियन, फ्रेंच, स्पॅनिश भाषांतरे झाली आहेत, मराठीत ते पूर्ण झालेले नाही. हा दोष पायथनच्या माथी मारता येणार नाही. भाषांतराची वाट उघडी आहे, चालणारे आपण कमी आहोत.

पण येथेच आमची पहिली गंभीर तक्रार येते. हे सुधारलेले संदेश ज्या मुलांना सर्वांत जास्त हवेत, त्यांच्यापर्यंत ते पोचत नाहीत. पायथन ३.९ पासून पुढची कोणतीही आवृत्ती विंडोज ७ वर चालत नाही. शेवटची चालणारी आवृत्ती ३.८, आणि तिचा आधार ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला. ज्या शाळांतील संगणक देणगीतून आले, दहा-बारा वर्षांपूर्वी आले आणि अजून विंडोज ७ वरच आहेत, त्या शाळा ३.८ वर थांबल्या आहेत. कंसाचा संदेश ३.१० मध्ये आला हे वर सांगितलेच. म्हणजे शहरातल्या ज्या मुलाच्या हाताशी घरी नवा लॅपटॉप आणि विचारायला थोरला भाऊ आहे, त्याला पायथन समजावून सांगते. तालुक्याच्या शाळेतल्या ज्या मुलीला विचारायला कोणी नाही, तिला ती 'अवैध वाक्यरचना' म्हणून गप्प बसते.

पायथनवाल्यांचे उत्तर असे की मायक्रोसॉफ्टनेच ज्या प्रणालीचा आधार सोडला, ती आम्ही स्वयंसेवकांनी का सांभाळावी? उत्तर न्याय्य आहे. सांभाळणारी माणसे मोजकी, आणि प्रत्येक जुन्या प्रणालीवर चाचण्या घ्यायच्या म्हणजे काम वाढते. तरीही भाषेच्या घोषणापत्रकांत 'सर्वांसाठी' हा शब्द इतक्या सहजपणे येतो की त्या सर्वांत कोण कोण बसत नाही, याची एक ओळ तिथे असायला हवी होती असे आम्हांला वाटते. आमचा व्यवहारी सल्ला एवढाच की असे जुने यंत्र असेल तर त्यावर हलकी लिनक्स प्रणाली चढवावी. तिच्यावर नवी पायथन चालते. एक रविवार खर्ची पडतो, पण तो सत्कारणी लागतो.

दुसरी तक्रार गतीची. पूर्वी नव्या आवृत्तीला ठराविक महिना नसे. आता दर वर्षी ऑक्टोबरमध्ये एक आवृत्ती येते आणि तिला पाच वर्षे आधार मिळतो. कारखान्याला हा नियमितपणा सोयीचा आहे. पाठ्यपुस्तकाला नाही. पुस्तक लिहून, तपासून, छापून मुलांच्या हाती पडेपर्यंत दोन वर्षे जातात आणि मग ते आठ-दहा वर्षे चालते. या काळात आवृत्तीचे आयुष्य संपून जाते. पायथनचे एक जुने ब्रीद होते की तिच्या खोक्यात बॅटऱ्या सोबतच येतात, वेगळे काही विकत आणावे लागत नाही. ३.१३ मध्ये या संग्रहातील एकोणीस अंगे काढून टाकली गेली. त्यांत बहुतेक अडगळच होती, हे मान्य. पण जुन्या पुस्तकांतून संकेतस्थळावरचा फॉर्म हाताळण्याचा जो धडा हमखास असे, तो ज्या अंगावर उभा होता तेही गेले. धडा पुस्तकात आहे, यंत्रावर नाही. अशा वेळी शिक्षकाने मुलांना 'आपले चुकले नाही, पुस्तक जुने झाले' असे स्पष्ट सांगावे. मुले आपलीच चूक धरून बसतात.

आता ज्या बदलाचा सर्वांत गाजावाजा झाला त्याकडे येऊ. तो म्हणजे 'ग्लोबल इंटरप्रिटर लॉक', म्हणजे पायथनच्या पोटातले एकच एक कुलूप, काढण्याचा उद्योग. हे कुलूप का आहे, हे समजून घेणे फार बोधप्रद आहे आणि वर्गात सांगण्याजोगेही. पायथनमधील प्रत्येक वस्तूजवळ एक मोजणी असते. या वस्तूकडे सध्या कितीजण बोट दाखवीत आहेत, याची. मोजणी शून्यावर आली की वस्तू टाकाऊ झाली असे समजून तिची जागा मोकळी केली जाते. समजा मोजणी ५ आहे आणि प्रोग्रॅमचे दोन धागे एकाच क्षणी त्या वस्तूकडे बोट दाखवू लागले. पहिल्याने ५ वाचले, दुसऱ्यानेही ५ वाचले. पहिल्याने एक मिळवून ६ लिहिले, दुसऱ्यानेही ६ लिहिले. खरे उत्तर ७ हवे होते. पुढे बोटे एकेक करून मागे घेतली गेली की एक बोट अजून रोखलेले असतानाच मोजणी शून्यावर येणार आणि वापरातली वस्तू फेकली जाणार. (दोन कारकुनांनी एकाच पासबुकावर एकाच वेळी नोंद केली तर काय होईल, असे विचारले तर मुलांना हे पटकन कळते.) यावर सोपा उपाय म्हणजे एकच किल्ली ठेवायची. जिच्या हाती किल्ली, त्या धाग्यानेच काम करायचे, बाकीच्यांनी थांबायचे. संगणकात एकच प्रक्रियक होता तोवर यात काही बिघडत नव्हते. आता साध्या यंत्रातही चार-आठ गाभे असतात, आणि सात बसून एक राबतो.

कुलूप काढण्याचा प्रयत्न १९९९ च्या सुमारास ग्रेग स्टाइन यांनी केला होता. कुलूप निघाले, पण एकेका धाग्याचा वेग निम्म्याच्या आसपास आला. पुढे लॅरी हेस्टिंग्ज यांनी केलेला प्रयत्नही वेगापाशीच अडला. मग सॅम ग्रॉस यांनी मोजणीच दोन भागांत विभागण्याची युक्ती योजली. वस्तू ज्या धाग्याने जन्माला घातली त्याची मोजणी वेगळी आणि स्वस्त, परक्यांची मोजणी वेगळी आणि काळजीपूर्वक. बहुतेक वस्तूंना परके हात लागतच नाहीत, या निरीक्षणावर ती उभी आहे. २०२३ मध्ये हा प्रस्ताव मान्य झाला. ३.१३ मध्ये कुलूपरहित पायथन प्रयोग म्हणून आली, तेव्हा एका धाग्याच्या कामात ती सुमारे ४० टक्के मागे पडत होती. ३.१४ मध्ये ही तूट ५ ते १० टक्क्यांवर आली आणि तिला अधिकृत स्थान मिळाले. नेहमीची पायथन मात्र अजून कुलूप असलेलीच आहे, दुसरी मागून घ्यावी लागते.

अभियांत्रिकी म्हणून हे काम उत्तम आहे, यात शंका नाही. पण ते कोणासाठी? शाळेतल्या कोणत्याही प्रोग्रॅमला त्याची गरज नाही. गरज आहे ती मोठमोठी यंत्रे जुंपून कृत्रिम बुद्धिमत्तेची कामे करणाऱ्या कंपन्यांना, आणि काही अंशी वैज्ञानिकांना. सॅम ग्रॉस हे मेटा या कंपनीत असताना हे काम झाले. तीन अभियंत्यांचे वर्षभराचे श्रम भरतील इतके बळ पुरवण्याची हमीही त्या कंपनीने दिली होती. हमी चांगलीच आहे. परंतु पायथनला जोडून सी भाषेत लिहिलेली अगणित साधने कुलूप आहे असे धरूनच लिहिलेली आहेत. ती तपासून दुरुस्त करायची आहेत ती बहुतांशी त्यांच्या लेखकांनी, आणि ते पुष्कळदा रात्री जेवणानंतर काम करणारे स्वयंसेवक असतात. हा मुद्दा मान्यता देणाऱ्या मंडळाने दृष्टिआड केला नाही, ही जमेची बाजू. बदल टप्प्याटप्प्याने होईल आणि नुकसान जास्त दिसले तर मागे फिरण्याचा मार्ग राहील, असे त्यांनी निर्णयातच लिहून ठेवले.

हे मंडळ कोण? ती कथा आम्हांला नव्या सोयींपेक्षा अधिक रंजक वाटते. पायथनमध्ये मोठा बदल करायचा तर 'पेप' नावाचे लेखी निवेदन द्यावे लागते. बदल काय, तो का, जुन्या प्रोग्रॅमांचे काय होणार आणि ज्या पर्यायांचा विचार करून ते टाकून दिले ते कोणते, हे सारे त्यात लिहायचे. टाकून दिलेल्या पर्यायांचा हा विभाग वाचनीय असतो. आपल्या प्रयोगवहीत फसलेला प्रयोग लिहिण्याची पद्धत नाही, मुले 'अपेक्षित निरीक्षण' आधी लिहून मोकळी होतात. त्यांना एखादे पेप वाचून दाखवावे.

२०१८ पर्यंत शेवटचा शब्द व्हान रॉसम यांचा असे. 'तहहयात दयाळू हुकूमशहा' अशी त्यांची थट्टेतली पदवी होती. त्या वर्षी पेप ५७२ वरून वाद पेटला. किंमत देणे आणि तीच किंमत लगेच वापरणे हे एकाच पदावलीत करता यावे, यासाठी विसर्गासारखी दोन टिंबे आणि पुढे बरोबरचे चिन्ह असे नवे चिन्ह आणायचे होते. एवढ्याशा चिन्हावरून इतकी कडवट भांडणे झाली की प्रस्ताव मंजूर करून १२ जुलै २०१८ रोजी व्हान रॉसम यांनी आपले पद सोडले. एका निर्णयासाठी इतके लढावे लागावे आणि नंतर इतक्यांनी त्याचा तिरस्कार करावा, हे पुन्हा नको, असे त्यांनी लिहिले. वारस मात्र त्यांनी नेमला नाही. पुढे काय ते तुम्हीच ठरवा, म्हणाले.

मग कारभाराचे सात आराखडे मांडले गेले. कोंदोर्से या अठराव्या शतकातील फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने त्यांवर मतदान झाले. प्रत्येकाने पसंतीचा क्रम लावायचा, आणि जो आराखडा दुसऱ्या प्रत्येकाशी समोरासमोरच्या लढतीत जिंकेल तो खरा. निवडून आलेल्या आराखड्यानुसार पाच जणांचे सुकाणू मंडळ असते, त्याची निवडणूक प्रत्येक आवृत्तीनंतर होते, आणि एकाच मालकाच्या नोकरीतले दोनपेक्षा अधिक सदस्य चालत नाहीत. हा शेवटचा नियम आम्हांला अतिशय आवडला. फेब्रुवारी २०१९ मध्ये पहिले मंडळ निवडून आले, आणि त्यात व्हान रॉसमही होते, पण पाचांतले एक म्हणून.

सत्तेवर असा अंकुश ठेवता आला, पैशावर मात्र तो ठेवता आलेला नाही. २०२० च्या अखेरीस व्हान रॉसम मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि तिथे पायथनचा वेग वाढवणारा एक गट उभा राहिला. चार वर्षांत पाचपट वेग हे त्यांचे उद्दिष्ट होते. ते गाठले गेले नाही, पण ३.११ ही आवृत्ती आधीच्या आवृत्तीपेक्षा सरासरी २५ टक्के वेगवान निघाली, हे थोडे नव्हे. मे २०२५ मध्ये कंपनीने नोकरकपात केली, आणि त्या गटातील अनेकांची नोकरी गेली. ज्या भाषेवर जगातील एवढे संशोधन उभे आहे तिच्या इंजिनावर कोण काम करणार, हे एका कंपनीच्या हिशेबवहीत ठरते, आणि सुकाणू मंडळाचा दोनचा नियम तिथे काही करू शकत नाही.

पायथनची विश्वस्त संस्था मोठी असेल असा आपला समज असतो. तिचा वार्षिक खर्च साधारण ५० लाख डॉलर आणि पगारी माणसे अवघी चौदा. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडून सुरक्षेच्या कामासाठी मिळू घातलेले १५ लाख डॉलरचे अनुदान या संस्थेने ऑक्टोबर २०२५ मध्ये नाकारले. सर्व थरांतील लोकांना सामावून घेणारे उपक्रम संस्थेने कोठेही चालवू नयेत, अशा अर्थाची अट अनुदानासोबत येत होती. या निर्णयावर मतभेद होणारच. अनुदानित शाळांत काम करणाऱ्या आपल्या वाचकांना अनुदान आणि अट यांचे नाते आम्ही नव्याने सांगायला नको. आम्ही एवढेच नोंदवतो की वर्षाच्या खर्चाच्या तीन दशांशाइतकी रक्कम सोडणे सोपे नसते, आणि सोडली नसती तर तालुक्याच्या शाळेतल्या त्या मुलीचा विचार करायला सांगणारे तिथे कोणी उरले असते का, हाही प्रश्न आहे.

त्या मुलीवरून आठवले. मागील वर्षी एका शाळेत आम्ही पायथनची कार्यशाळा घेतली. अकरावीचा ठरलेला प्रश्न होता. उलटा-सुलटा वाचला तरी तोच राहणारा शब्द ओळखा. मुलांनी इंग्रजी शब्द घालून प्रोग्रॅम तपासले, सगळे चालले. एका मुलीने 'कनक' घातले, बरोबर आले. मग तिने 'समास' घातले, तर उत्तर आले, नाही. स-मा-स, उलटे वाचले तरी स-मा-स. मग नाही कसे? आम्ही तिला शब्द उलटा छापून पाहायला सांगितला. पडद्यावर आले 'सामस'. काना आपल्या म ला सोडून मागच्या स ला चिकटला होता. 'नवीन' चे 'नीवन' झाले. पायथन चिन्हे उलटवते, अक्षरे नाही.

येथे आमचे पाच संपतात आणि तीनाचा प्रश्न उभा राहतो. वाचणाऱ्याला जे एक अक्षर दिसते ते चिन्हांच्या एका पुंजक्याने बनते. असे पुंजके कसे ओळखायचे याचे नियम युनिकोडने दिले आहेत. 'विज्ञान' मधील 'ज्ञा' सारखे देवनागरी जोडाक्षर फोडू नये, हा नियम त्यात यायला मात्र सप्टेंबर २०२३ उजाडावे लागले. स्विफ्ट या संगणकभाषेत 'मराठी' ची लांबी तीनच येते. पायथनच्या मूळ संग्रहात ३.१४ पर्यंत असे मोजण्याची सोय नाही, बाहेरून साधन आणावे लागते. दुसरी गंमत पाहा. शब्दात फक्त अक्षरेच आहेत का हे तपासणारी एक आज्ञा पाठ्यपुस्तकात असते. 'मत' या शब्दाला ती होय म्हणते आणि 'मराठी' ला नाही. कारण युनिकोडच्या वर्गवारीत काना-मात्रा-वेलांटी ही अक्षरे नव्हेत, खुणा आहेत. युनिकोडमध्ये 'वर्णमालेतील चिन्ह' अशी एक व्यापक व्याख्याही आहे, तिच्यात वेलांट्या बसतात. पायथनने अरुंद व्याख्या घेतली, आणि तसे संदर्भग्रंथात स्पष्ट लिहिलेही आहे. व्यापक व्याख्या घेतली असती तर 'मराठी' सुटली असती, पण 'विज्ञान' अडकलेच असते, कारण पाय मोडण्याची खूण तिच्यातही नाही. म्हणजे दोष एकट्या पायथनचा नाही. पण ज्या भाषेने चलांची नावे मराठीत ठेवू दिली, तिने 'मराठी' हा शब्द अक्षरांचा नाही म्हणावे, ही विसंगती कोणीतरी पेप लिहून मांडायला हवी. देवनागरी अंकांचेही असेच आहे. अवतरणात '१५' लिहून त्याची संख्या करायला सांगितली तर पायथन ती बिनचूक करते, पण तोच आकडा प्रोग्रॅमच्या ओळीत सरळ लिहिला की अवैध चिन्ह म्हणून अडवते.

त्या मुलीने पुढे काय केले? तिने काना, वेलांट्या, मात्रे, अनुस्वार यांची यादी केली, यादीतले चिन्ह दिसले की ते आधीच्या चिन्हाला जोडायचे असे ठरवले, आणि पाय मोडलेला असेल तर पुढचे व्यंजनही त्याच पुंजक्यात घेतले. 'समास' जमले, 'नवीन' जमले, 'विज्ञान' ची लांबी तीन आली. मैत्रिणीने 'दऱ्या' हा शब्द आपल्या यंत्रावर टाइप करून दिला. दोघींच्या पडद्यावर शब्द तंतोतंत सारखा दिसत होता, आणि पायथन म्हणत होती की हे दोन शब्द वेगळे आहेत. आम्ही उकलून पाहिले. एकीच्या यंत्राने ऱ्या साठी स्वतंत्र ऱ वापरला होता, दुसरीच्या यंत्राने साधा र घेऊन मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह घातले होते. कोणते बरोबर, असे तिने विचारले. दोन्ही बरोबर, असे सांगितल्यावर तिने वही उघडली आणि यादीत आणखी एक ओळ लिहिली.